हेब्रॉनचा नकाशा फलकावर काढायचाय: रेष कुठून न्यायची आणि चकमकी कुठे दाखवायच्या?

किनारा_वाचक (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. रेवदंड्याच्या अलीकडे एका वाचनालयात गणपतीनंतर नकाशांचे छोटे प्रदर्शन भरणार आहे. विषय 'वाटून घेतलेली शहरे'. बेलफास्ट, निकोसिया आणि हेब्रॉन ठरलीत, त्यातले हेब्रॉन माझ्या गळ्यात पडले आहे. फलक सहा फूट बाय चार फूट.

कच्चा आराखडा असा केलाय: मधोमध उभी रेष, डावीकडे 'पॅलेस्टाईन', उजवीकडे 'इस्रायल', आणि जिथे जिथे चकमकी झाल्या तिथे लाल टिकल्या. आता शंका.

ही रेष नक्की कुठून जाते? मिळालेल्या दोन नकाशांत दोन आकार आहेत. दगडफेक, अश्रुधूर, गोळीबार अशा बातम्यांत दर वेळी तोच तो चौक का येतो? आणि 'सशस्त्र चकमक' म्हणतात तेव्हा कोणाच्या हातात काय असते? सूचीत चिन्हे द्यायची आहेत म्हणून विचारतोय.

शेवटचा प्रश्न जरा नाजूक. आमच्याकडे बेने इस्रायलांची जुनी घरे आहेत, जवळच मोहल्ला आहे, बघायला दोन्हीकडची माणसे येणार. समितीतल्या एकांचे म्हणणे आहे की कोपऱ्यात 'आपले कोकणातले ज्यू आणि हेब्रॉन' अशी चौकट टाकावी. टाकू का?

---

घाटमाथा_नकाशे

आधी ती मधली उभी रेष पुसा. डावे-उजवे हेब्रॉनमध्ये नाहीच.

सध्याची विभागणी जानेवारी १९९७ च्या हेब्रॉन करारातली. शहराचे दोन भाग: एच-१ आणि एच-२. एच-१ म्हणजे साधारण ८० टक्के क्षेत्र, तिथे पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे पोलीस. एच-२ उरलेले २० टक्के, म्हणजे सव्वाचार चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथली सुरक्षा इस्रायली लष्कराकडे. पण एच-२ मध्ये 'इस्रायल' असे लिहिलेत तर ते चूक ठरेल. तो वेस्ट बँकचाच (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी प्रदेश) भाग आहे, १९६७ पासून इस्रायलच्या लष्करी ताब्यात. त्यात राहणारे बहुसंख्य लोकही पॅलेस्टिनीच आहेत, तीस-पस्तीस हजार. ज्यू सेटलर (वसाहती करून राहिलेले इस्रायली) सातशे ते आठशे, तेही चार ठिकाणी गोळा झालेले. शाळा, पाणी, कचरा ही नागरी कामे कराराप्रमाणे दोन्ही भागांत पॅलेस्टिनी बाजूकडे, फक्त इस्रायली माणसे आणि त्यांची मालमत्ता वगळून. म्हणजे त्याच गल्लीत नळ दुरुस्त करणारा एका सत्तेचा आणि बंदूकवाला दुसऱ्या सत्तेचा.

आकाराने एच-२ हा पूर्वेकडून शहरात घुसलेला एक वाकडातिकडा तुकडा आहे. पूर्वेला त्याला लागून किर्यात अरबा ही मोठी वसाहत. ती शहराच्या हद्दीबाहेर मोजतात, म्हणून काही नकाशांत एच-२ ला चिकटवलेली आणि काहींत सुटी दिसते. तुमचे दोन आकार बहुधा त्यामुळेच आलेत. मध्यभागी जुना बाजार आणि इब्राहिमी मशीद, हीच इमारत ज्यू लोकांची मकपेलाची गुहा. पश्चिमेचे टोक तेल रुमेदाच्या टेकडीवर.

मापाचे बघा. १:५००० ने काढलेत तर एक किलोमीटरला २० सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या फलकावर नऊ बाय सहा किलोमीटर बसतात. अख्खे शहर आणि किर्यात अरबा आरामात मावेल. पण शुहदा रस्ता, ज्यावरून सगळा वाद, तो सुमारे एक किलोमीटरचा, म्हणजे फक्त वीतभर. तिथे चार वसाहती, नाके आणि नावे कोंबली की लोकांना काही वाचता येणार नाही. त्यामुळे उजव्या खालच्या कोपऱ्यात त्याच भागाचा वेगळा नकाशा १:२००० ने द्या, रस्ता ५० सेंटीमीटर होईल. पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रम असा: नाका ५६ (लष्करी तपासणी नाका), बेत हदासा, बेत रोमानो, अव्राहाम अविनू, मग गुहा. तेल रुमेदा नाक्याच्या वर टेकडीवर.

आणखी एक, जे सहसा राहून जाते: उंची दाखवा. शहर साधारण ९३० मीटरवर आहे, पण वसाहती आणि गुहा खालच्या खोलगट भागात. दक्षिणेला अबू स्नेना आणि उत्तरेला हारत अश-शेख या टेकड्या, दोन्ही एच-१ च्या बाजूला. दुसऱ्या इंतिफादात (पॅलेस्टिनी उठावात), म्हणजे २००० नंतर, वरून खाली बंदुका चालल्या त्या इथूनच. मार्च २००१ मध्ये अबू स्नेनावरून झालेल्या नेमबाजीत अव्राहाम अविनूच्या दारात दहा महिन्यांची मुलगी गेली. सपाट कागदावर कोणाला हे कळणार नाही, तीन-चार समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मारल्या की लगेच कळते.

---

नाका_५६

वरची मांडणी चोख. चौकाचे मी सांगतो.

तो चौक म्हणजे बाब अझ-झाविया. शुहदा रस्त्याचे पश्चिम टोक जिथे एच-१ ला भेटते तिथे. चौक पॅलेस्टिनी हद्दीत, आणि काही पावलांवर नाका ५६: फिरते लोखंडी फाटक, धातुशोधक, मागे सैनिक. फाटकाच्या अलीकडे फळांच्या गाड्या, शेअर टॅक्सी, मोबाइलची दुकाने, तुडुंब गर्दी. पलीकडे बंद दुकानांचा रस्ता, ज्यावर पॅलेस्टिनी गाडी अजिबात नाही आणि बऱ्याच लांबीवर पायीही नाही. भरलेला बाजार आणि रिकामा रस्ता यांच्यामध्ये एक दरवाजा. मोर्चा निघाला, अंत्ययात्रा निघाली, तुरुंगातल्या कोणाचे उपोषण सुरू झाले, की पोरे इथेच येतात, कारण सैनिक हाताच्या अंतरावर भेटतो तो इथेच.

पुढचे ठरल्यासारखे घडते. दगड, गोफण, कधी पेटत्या बाटल्या. नाक्यावरून अश्रुधूर आणि कानठळ्या बसवणारे हातगोळे. त्याने भागले नाही तर सैनिक फाटक उघडून चौकात येतात, छपरांवर चढतात. म्हणजे एच-१ मध्ये शिरले. कागदावर तिथे पॅलेस्टिनी पोलिसांचा अंमल, पण ते अशा वेळी मागे सरकतात. इस्रायली लष्कराशी भिडायचे नाही हीच त्यांची व्यवस्था आहे. करारानेच त्यांना एच-१ मध्ये जास्तीत जास्त ४०० पोलीस, २० गाड्या, २०० पिस्तुले आणि १०० रायफली दिल्या, त्या रायफलीही ठाण्यांच्या रक्षणासाठी. दोन लाखांवर वस्तीच्या शहरात.

तारखाही ध्यानात ठेवा. २५ फेब्रुवारीच्या आसपास 'शुहदा रस्ता उघडा' म्हणून मोर्चा असतो. नोव्हेंबरच्या सुमारास 'हय्ये सारा'चा शनिवार (साराच्या दफनाचा धर्मग्रंथातला भाग वाचायचा दिवस) येतो, तेव्हा हजारो ज्यू यात्रेकरू शहरात उतरतात आणि त्या दिवशी पॅलेस्टिनींच्या ये-जा करण्यावर आणखी बंधने पडतात. शिवाय वर्षातून काही वेळा यात्रेकरूंना लष्करी बंदोबस्तात बायबलमधल्या ओथनिएलच्या कबरीवर नेतात. ती कबर एच-१ मध्ये आहे, याच चौकापासून जवळ. त्या दिवशी काही घडले नाही तरच आश्चर्य.

---

किनारा_वाचक

आभार, उभी रेष गेली. पण मग हा रस्ता बंद कधी झाला? एका ठिकाणी १९९४ लिहिलेय, एका ठिकाणी २०००.

---

नाका_५६

दोन्ही खरे. १९९४ च्या मशिदीतल्या हत्याकांडानंतर पॅलेस्टिनी गाड्या बंद व्हायला सुरुवात. १९९७ च्या कराराने रस्ता टप्प्याटप्प्याने उघडायचे ठरले, अमेरिकेच्या पैशाने फरसबंदी आणि दुरुस्तीही झाली. २००० ला इंतिफादा पेटला आणि मग दुकाने, गाड्या, पादचारी, सगळेच बंद होत गेले. इस्रायली मानवी हक्क संस्था बेत्सेलेम आणि एसीआरआय यांनी २००६ च्या अखेरीस मध्यवस्तीत मोजणी केली: १,०१४ घरे रिकामी, म्हणजे ४१.९ टक्के, आणि १,८२९ दुकाने बंद, म्हणजे ७६.६ टक्के. त्यातली निदान ४४० लष्करी हुकमाने. बाकीची गिऱ्हाईकच येत नाही म्हणून. सूचीत 'हुकमाने बंद' आणि 'आपोआप बंद' असे दोन रंग केलेत तर नकाशा पुष्कळ बोलेल.

---

पितळी_कोयंडा

शस्त्रांचे. चिन्हे चारच ठेवा, नाहीतर सूची बाजारातल्या दरपत्रकासारखी होईल.

अश्रुधुराचे नळकांडे: बंदुकीतून लांब फेकले जाते. नियम वरच्या दिशेने, कमानीत मारायचा. सरळ रेषेत माणसावर मारले तर तेच नळकांडे जीव घेऊ शकते, आणि वेस्ट बँकमध्ये तसे घडलेले आहे. हेब्रॉनच्या जुन्या बाजारात गल्ल्या अरुंद आणि वर छप्पर, धूर तिथे कोंडून राहतो. घरातली म्हातारीकोतारी माणसे गुदमरतात ती यामुळे.

'रबरी गोळी': नावावर जाऊ नका. आत धातूचा गाभा, वर रबराचे किंवा प्लास्टिकचे पातळ आवरण. रायफलीच्या नळीला जोड बसवून कोऱ्या काडतुसाच्या जोरावर मारतात. पन्नास-साठ मीटरच्या आतून मारायची नाही आणि पायांवरच मारायची, असे लष्कराचे स्वतःचेच नियम. बाब अझ-झावियाच्या चौकात पन्नास मीटर मोकळे मिळणार कुठे? घोळ तिथेच होतो: जवळून, डोक्याला लागली की कवटी फोडते. ऑक्टोबर २००० च्या घटनांनंतर नेमलेल्या ओर आयोगाच्या शिफारशीनंतर खुद्द इस्रायलमध्ये पोलिसांनी ही गोळी सोडून स्पंजच्या टोकाची गोळी घेतली. वेस्ट बँकमध्ये मात्र रबरी गोळी चालूच राहिली.

खरी गोळी: साधी ५.५६ मिलिमीटरची, आणि दुसरी लहान .२२ ची. ही .२२ आवाजाला बारीक, म्हणून बातम्यांत तिला 'सौम्य' म्हणतात. इस्रायली लष्कराच्याच कायदा विभागाने ती जमाव पांगवायचे साधन नव्हे असे सांगितलेले आहे.

पॅलेस्टिनी बाजूला रोजच्या रोज दगड, गोफण, पेट्रोलच्या बाटल्या. २०१५-१६ च्या हल्ल्यांच्या लाटेत सुऱ्या आणि गाडी अंगावर घालणे. बंदुकांत गावठी 'कार्लो', लेथवर नळी कापून बनवलेली, स्वीडिश कार्ल गुस्ताफच्या धर्तीवर. ती सहज अडकते आणि लांबचा नेम तिला जमत नाही. जून २०१६ मध्ये तेल अवीवच्या सरोना बाजारात चौघे मारले गेले, हल्लेखोर हेब्रॉनजवळच्या यत्ताचे होते आणि हत्यारे याच जातीची. त्यावर एम-१६, बहुतेक चोरीच्या किंवा तस्करीच्या. सेटलरांच्या हातात परवान्याच्या बंदुका आणि वसाहतीच्या आपत्कालीन पथकाला लष्कराने दिलेल्या रायफली. हे तिसरे टोक लोक विसरतात.

एक खाचखळगा. हेब्रॉनमधला प्रत्येक गोळीबार इस्रायली-पॅलेस्टिनी नसतो. एच-१ मध्ये मोठ्या घराण्यांची वैरे आहेत. २०२१-२२ मध्ये त्यांच्यात घरांवर, दुकानांवर उघड गोळीबार आणि जाळपोळ झाली. अशी बातमी आली की टिकली लावायच्या आधी दोनदा वाचा.

---

जुने_कागद

टिकल्यांबद्दल माझा सरळ विरोध. १९६७ पासूनची प्रत्येक चकमक लावायला गेलात तर बाब अझ-झावियावर लाल डाग पडेल, बाकी काही नाही. शिवाय बातमीतले 'हेब्रॉन' पुष्कळदा जिल्हा असतो. बेत उम्मर, अल-अरूब छावणी, हलहूल, दुरा, यत्ता ही सगळी हेब्रॉन जिल्ह्यात. अल-अरूब तर ६० नंबरच्या हमरस्त्यावर, शहराच्या उत्तरेला. तिथली घटना शहराच्या नकाशावर लागली की नकाशा खोटा.

मी पाच क्रमांक लावीन.

१. ऑगस्ट १९२९, जुनी ज्यू वस्ती. ब्रिटिश काळ. ६७ ज्यू मारले गेले. काही अरब कुटुंबांनी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवले, हेही लिहा. वाचलेल्यांना हलवले, थोडे परतले, तेही १९३६ मध्ये काढले. आजचे सेटलर आपला हक्क सांगतात तो याच आधारावर, म्हणून याच्याशिवाय नकाशा अर्धा.

२. २ मे १९८०, बेत हदासा. १९७९ मध्ये किर्यात अरबातल्या बायका-मुले रातोरात या इमारतीत घुसून राहिली. पुढच्या वर्षी शुक्रवारच्या प्रार्थनेहून परतणाऱ्यांवर छपरांवरून हल्ला, सहा ठार. त्यानंतर सरकारने वसाहतीला रीतसर मान्यता दिली.

३. २५ फेब्रुवारी १९९४, मशीद. रमजानचा शुक्रवार, पहाटेची नमाज. किर्यात अरबाचा डॉक्टर बारूख गोल्डस्टीन लष्करी गणवेशात आत शिरला आणि पाठमोऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या. २९ ठार, शंभरावर जखमी. तिथेच जमावाने त्याला मारले. नंतरच्या दंगलीत आणखी पॅलेस्टिनी गेले. आंतरराष्ट्रीय निरीक्षक आले ते यानंतर. १९९७ पासूनच्या पथकात नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, इटली, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान असे सहा देश होते. हातात शस्त्र नाही, फक्त नोंदी करायच्या. २०१९ च्या सुरुवातीला इस्रायलने मुदत वाढवली नाही, पथक गेले.

४. १५ नोव्हेंबर २००२, किर्यात अरबा ते गुहा ही वाट. शब्दशः सशस्त्र चकमक म्हणावी ती ही. इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी संघटनेचे तिघे बंदूकधारी एका बोळात दबा धरून होते. शुक्रवारची प्रार्थना आटोपून भाविक पुढे गेलेले, मागचे गस्तीचे सैनिक टप्प्यात आले. मदतीला जो तो त्याच बोळात शिरत गेला: आधी सीमा पोलीस, मग हेब्रॉन ब्रिगेडचा कमांडर कर्नल द्रोर वाइनबर्ग, मग किर्यात अरबाचे आपत्कालीन पथक. गोळ्या नेमक्या कुठून येताहेत हे कळायच्या आत बारा जण गेले: चार सैनिक, पाच सीमा पोलीस, पथकातले तिघे. हल्लेखोर तिघेही मारले गेले. सुरुवातीच्या बातम्यांत 'भाविकांवर हल्ला' असे आले, आजही काही ठिकाणी तेच वाचायला मिळते. मारले गेलेले सगळे सशस्त्र होते.

५. २४ मार्च २०१६, तेल रुमेदा. सुरीहल्ला करून जखमी होऊन जमिनीवर पडलेल्या पॅलेस्टिनीच्या डोक्यात सैनिक एलोर अझारियाने गोळी घातली. समोरच्या घरातून चित्रण झाले म्हणून उघड झाले. जानेवारी २०१७ मध्ये सदोष मनुष्यवधाचा दोष सिद्ध, १८ महिने, पुढे १४ केले, नऊ महिन्यांत बाहेर. पॅलेस्टिनींवर लष्करी न्यायालय, सेटलरांवर इस्रायली नागरी कायदा, ही गोष्ट इथेच दोन ओळींत सांगून टाका.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमास हल्ल्यानंतर एच-२ च्या मध्यावर पॅलेस्टिनी रहिवाशांना घराबाहेर पडायलाच बंदी होती, मग ठराविक दिवशी ठराविक तास. ही चकमक नाही, पण सूचीत एक तिरकी रेघाटणी मारून दाखवा.

---

आगरी_चौल

कोपऱ्यातल्या चौकटीबद्दल. नका टाकू.

बेने इस्रायल १९४८ नंतर इथून गेले ते बहुतेक बीरशेबा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद, रामला या गावांत. ही सगळी इस्रायलच्या १९४९ च्या शस्त्रसंधी रेषेच्या आत. हेब्रॉनमधली वसाहत वेगळ्याच चळवळीतून उभी राहिली: १९६८ च्या वल्हांडण सणाला रब्बी मोशे लेविंगर आणि मंडळी हॉटेलात खोल्या घेऊन राहिली आणि निघायलाच तयार होईनात, तिथून पुढे किर्यात अरबा. नवगाव-रेवदंड्याच्या शनिवार तेल्यांना (बेने इस्रायलांचे इथले जुने नाव) त्या भांडणात ओढायचे कारण नाही. चौकट बघणारा माणूस घरी जाताना शेजारच्या पेणकर-दिवेकरांकडे संशयाने बघेल, दुसरे काय होणार?

फारच आग्रह असेल तर प्रदर्शनात वेगळा फलक करा, कोकण ते बीरशेबा असा. हेब्रॉनच्या फलकावर नको.

---

किनारा_वाचक

पटले, समितीला तुमचेच शब्द वाचून दाखवतो. पाच क्रमांक आणि १:२००० चा कोपरा पक्का. शेवटचे दोन: गुहा-मशीद कोणाच्या रंगात रंगवू? आणि फलक ड्रॉइंग शीटवर की फ्लेक्सवर? गणपतीनंतरही इथे पाऊस असतोच.

---

घाटमाथा_नकाशे

इमारत दोन रंगांत. १९९४ नंतर शमगार आयोगाच्या (हत्याकांडाच्या इस्रायली चौकशी आयोगाच्या) शिफारशीवरून आतून वाटणी झाली: मोठा भाग, इसहाक दालनासह, मुसलमानांकडे, बाकीचा ज्यूंकडे. दोघांची दारे वेगळी, मध्ये बंद दरवाजे. वर्षातले दहा दिवस अख्खी इमारत ज्यूंना, दहा दिवस अख्खी मुसलमानांना. १:२००० वर इमारत जेमतेम तीन सेंटीमीटर होईल, तेव्हा रंगाच्या पट्ट्या न मारता बाण काढून बाजूला मोठी आकृती द्या. दोन्ही नावे एकाच आकाराच्या अक्षरात, एकाखाली एक. वर कोणते यावरून समितीत भांडण झाले तर बाराखडीचा क्रम लावा, 'इब्राहिमी' वर येईल आणि कोणाला बोलायला जागा नाही.

शीट नको. खाऱ्या दमट हवेत दोन दिवसांत पोक येईल आणि शाई फुटेल. फ्लेक्सवर बारीक अक्षर पसरते, नऊ-दहा पॉइंटचे तर वाचताच येत नाही. विनाइलवर छापून पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवा, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतलेत तर ट्यूबलाइट नेमकी शुहदा रस्त्यावर चमकेल. सहा फुटी तुकडा एकसंध असेल तर मागे लाकडी पट्ट्या मारा, नाहीतर मधून वाकतो. आणि छापायला द्यायच्या आधी समोच्च रेषा करड्या रंगात फिक्या करून बघा, गडद राहिल्या तर लोक त्यांनाच हद्द समजतील.